दुरुस्त झालेला हुंदका

"हलू नका. जिथे आहात तिथेच थांबा."

भर दुपारी दुकानाचं दार ढकलून आलेल्या गिऱ्हाइकाचं असं स्वागत कुणी करत नाही. पण चिमटीचा नाइलाज होता. पडदे ओढून तिने दुकान अंधारं केलं होतं आणि एका क्लॅरिनेटच्या पोटात गव्हाच्या दाण्याएवढा दिवा सोडून ती नळी डोळ्यांसमोर हळूहळू फिरवत होती. जिथून उजेड गळतो तिथून वारा गळतो, आणि वारा गळला की सूर बिघडतो, इतकं साधं ते शास्त्र. त्याला फक्त काळोख लागतो, आणि बाहेरून आलेला माणूस काळोखात हमखास कशाला तरी लाथ मारतो.

"एक पाय वर आहे," काळोखातून आवाज आला. "तो खाली ठेवू, की..."

"खाली ट्रॉम्बोन आहे. बहुतेक."

"मग राहू दे वरच."

"दोनच मिनिटं."

"चालेल. शाळेत मी अख्खा तास असा उभा राहिलोय. फक्त तेव्हा गुन्हा काय ते माहीत असायचं."

खरं तर चिमटीचं काम अर्ध्या मिनिटात संपलं होतं. उरलेलं दीड मिनिट तिने त्या माणसाला का उभं ठेवलं, हे तिला नंतर स्वतःलाही नीट सांगता आलं नाही. तिने पडदा सरकवला तेव्हा एक उंच, किडकिडीत तरुण खरोखरच एका पायावर उभा होता. केसांवर बारीक पावसाचे थेंब, छातीशी दोन्ही हातांनी धरलेली काळी पेटी. ट्रॉम्बोन मात्र पार पलीकडच्या भिंतीला टेकून होता. त्याने ट्रॉम्बोनकडे पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं आणि पाय अगदी सावकाश खाली ठेवला.

"बहुतेक म्हटलं होतं मी," चिमटी म्हणाली.

दुकान तिच्या आत्याचं. फुंकून वाजवायची वाद्यं तिथे दुरुस्त होत. आत्या पितळ सांभाळायची आणि चिमटी लाकूड. लहानपणी ती ताटातलं नको ते दोन बोटांनी वेचून बाजूला काढायची, म्हणून आत्याने ठेवलेलं हे नाव. पुढे केसांत कायम खोचलेल्या चिमट्यामुळे ते तिला पक्कंच चिकटलं.

"माझ्या आजोबांचं क्लॅरिनेट आहे," त्याने पेटी उघडली. "मधला जोड ढिला झालाय. फक्त त्याचं बूच बदलायचं. बाकी काही नाही."

आता चिमटीच्या स्वभावात 'फक्त' हा शब्दच नव्हता. शर्टाचं बटण लावायला दिलं तर ती कॉलरही उलटवून देणारी. तिने बूच बदललं, आणि मग सवयीने पडदे ओढून आत दिवा सोडला. एका कळेखालची छोटी गादी, म्हणजे भोकावर बसून वारा अडवणारी चामड्याची चकती, वाळून कडक झाली होती आणि एका बाजूने उजेड भसाभसा बाहेर येत होता. चिमटीला ते बघवेना. तिने जुनी गादी काढली, नवी बसवली, कळ तेल देऊन मऊ केली. न विचारता. वर त्याचे पैसेही लावले नाहीत, इतकी ती स्वतःवर खूश होती.

दुसऱ्या दिवशी त्याने दुकानातच चार सूर वाजवून पाहिले, हसला, आभार मानले आणि निघताना दोनदा मागे वळून पाहिलं.

"वाद्य आवडलं त्याला," चिमटी म्हणाली.

"वाद्य त्याच्या हातात होतं," आत्या एका ट्रम्पेटवर फडकं फिरवत म्हणाली. "मागे वळून कशाला बघेल तो?"

सोमवारी सकाळी चिमटी दुकान उघडायला आली तर तो आधीच पायरीवर बसलेला. चेहरा उतरलेला.

"हुंदका गेला," तो म्हणाला.

"कुणाचा?"

मग आत आल्यावर त्याने सांगितलं. बोलताना तो पुन्हा पुन्हा थांबत होता, पण गोष्ट सरळ होती. त्याच्या आजोबांनी एक जॅझ बँड काढला होता. जुन्या वळणाचं, ठेका धरायला लावणारं जॅझ. दर शनिवारी दुपारी एका हॉटेलच्या हॉलमध्ये चहाच्या वेळी हा बँड वाजे आणि जोडपी नाचत. एका संथ गाण्यात आजोबांचा आठ आवर्तनांचा सोलो होता, आणि त्यात एके ठिकाणी सूर अचानक फाटायचा, रडू गिळताना माणसाचा आवाज फाटतो तसा. लोक त्याला हुंदका म्हणत. त्या हुंदक्यासाठी माणसं गावोगावहून यायची. आजोबा गेल्यावर बँड बाबांकडे आला, क्लॅरिनेट नातवाकडे आलं, आणि पंधरा वर्षं नातू तो सोलो जसाच्या तसा वाजवत होता, श्वाससुद्धा आजोबा घेत तिथेच. म्हणून बँडमधले लोक त्याला कार्बन म्हणत.

"आणि परवा हुंदका आलाच नाही," कार्बन म्हणाला. "सूर सरळ आला. स्वच्छ. पुढच्या रांगेतल्या एका आजींनी रुमाल काढून ठेवला होता. त्यांनी तो परत पर्समध्ये टाकला."

 कुठली कळ, कुठलं बोट, हे चिमटीने विचारलं आणि उत्तर ऐकायच्या आधीच तिला ते कळलं होतं.

"तिथली गादी गळत होती," ती म्हणाली. "म्हणून सूर फाटायचा. मी ती बदलली."

कार्बन स्टुलावर बसला. "म्हणजे पन्नास वर्षं लोक एका गळक्या गादीसाठी रडत होते?"

"आजोबांनी कधी दुरुस्तीला दिलं नाही?"

"कुणाला हातच लावू द्यायचे नाहीत." तो पेटीकडे बघत म्हणाला, "जुनी गादी परत बसवा ना. तशीच. वाकडी."

आता इथे चिमटी चुकली. तिच्या हातून आठ वर्षांत शेकडो वाद्यं बरी होऊन गेली होती, पण बरं झालेलं वाद्य परत आजारी करून द्या म्हणणारा हा पहिलाच. तिला राग आला. शिवाय चूक तिचीच होती, त्यामुळे राग जरा जास्तच आला.

"फेकली मी ती," ती म्हणाली. "आणि इथे दुरुस्ती होते. बिघडवून मिळत नाही."

गादी मागच्या खणात होती, खोकल्याच्या गोळ्यांच्या डबीत. जुना एकही भाग चिमटी कधी फेकत नसे. पण शब्द तोंडातून गेला तो गेला. कार्बनचा चेहरा इतका पडला की तिने घाईघाईने पुढचं वाक्य जोडलं, "तोंडानेही काढता येईल तो सूर. ओठ सैल सोडून, बोट अर्धवट उचलून... शोधावं लागेल."

"शिकवाल?"

"मला वाजवता येत नाही. वारा कुठून जातोय एवढंच मला ऐकू येतं."

"मला तेवढंच हवंय."

बँडची पन्नाशी आठ आठवड्यांवर आली होती. त्या शनिवारी सगळे जुने श्रोते येणार होते, तोवर बाबांनी ते गाणं बंद ठेवलं होतं आणि साफ सांगितलं होतं की त्या दिवशी हुंदका आला नाही तर सोलो ते स्वतः ट्रम्पेटवर घेतील. म्हणजे पंधरा वर्षं सांभाळलेली एकमेव जागा कार्बनच्या हातून जाणार होती.

तो रोज संध्याकाळी पाच वाजता येऊ लागला. चिमटी बाकावर काम करत बसायची आणि तो खिडकीपाशी उभा राहून हुंदका शोधायचा. हुंदका सापडत नव्हता. सापडत होतं ते भलतंच. कधी तेल न घातलेल्या दाराची किरकिर, कधी किटलीची शिट्टी, कधी एकाच वेळी दोन सूर एकमेकांशी भांडत बाहेर यायचे, कधी सूर नाहीच, नुसता वारा आणि कळांची टकटक.

"माफ करा," तो दर वेळी म्हणायचा.

"माफी कशाची? ते परत करा."

"कुठलं?"

"ते भांडण. दोघांचं."

"मुद्दाम नव्हतं केलं."

"मग आता मुद्दाम करा."

तो करायचा. आणि चिमटीच्या हातातला पेचकस थांबायचा. तिने आयुष्यभर वाद्यं बरी होईपर्यंतच ऐकली होती. बरी झाली की लोक ती घेऊन जात आणि तेच ते वाजवत. हा माणूस मात्र आजोबांचा एक सूर शोधता शोधता असं काही वाजवत होता जे त्याच्या आजोबांचं नव्हतं आणि दुसऱ्या कुणाचंही नव्हतं. त्याला त्याची लाज वाटत होती, आणि तिला घरी गेल्यावरही तेच ऐकू येत होतं.

एका शनिवारी ती म्हणाली, "उद्या सकाळी मोकळे आहात?"

"का?"

"तुमच्यासारखे बिघडलेले आणखी दोघं आहेत."

बंद पडलेल्या एका लाँड्रीत रविवारी सकाळी ते जमत. एक दातांच्या डॉक्टरीणबाई, ज्या ड्रम वाजवत आणि मधूनच स्टीलच्या ट्रेवर काहीबाही सांडत. दुसरे बसचे ड्रायव्हर, सगळे त्यांना ड्रायव्हरकाका म्हणत, ते आपल्यापेक्षा उंच, भल्यामोठ्या व्हायोलिनसारखं दिसणारं बास कवेत घेऊन उभे राहत. गाणं नाही, ठेका नाही, पुढारी नाही. एकाने सुरुवात करायची, दुसऱ्याने ऐकायचं, आणि जे सुचेल ते वाजवायचं. मुक्त वादन म्हणत ते याला. चिमटी त्यांची वाद्यं सांभाळायची आणि इस्त्रीच्या जुन्या टेबलावर बसून ऐकायची.

"नियम एकच," डॉक्टरीणबाईंनी कार्बनला बजावलं. "पाठ केलेलं वाजवायचं नाही. वाजवलं तर शेवटी चहाचे कप धुवायचे."

पहिल्या रविवारी कार्बनने दुसऱ्याच मिनिटाला आजोबांची एक ओळ वाजवली. दोन क्षणांची शांतता झाली की तो घाबरायचा आणि त्याच्या बोटांतून कुठलं ना कुठलं जुनं गाणं बाहेर पडायचं. त्याने कप धुतले. दुसऱ्या रविवारी पुन्हा धुतले. ड्रायव्हरकाका म्हणाले की इतके स्वच्छ कप त्यांनी गेल्या कित्येक वर्षांत पाहिले नाहीत, तेव्हा नवीन मंडळींनी सावकाश सुधारावं.

मोरीपाशी चिमटी त्याच्या शेजारी कप पुसत उभी राहायची.

"पंधरा वर्षं मी एकदाही चुकलो नाही," तो साबणाचा फेस झटकत म्हणाला. "आणि इथे मला चुकता येत नाहीये. काय गंमत आहे."

"शांतता झाली की घाबरता कशाला?"

"आमच्याकडे शांतता म्हणजे कुणीतरी विसरलं."

"इथे शांतता म्हणजे कुणीतरी ऐकतंय."

त्याने तिच्याकडे पाहिलं. जरा जास्तच वेळ. नळ वाहत राहिला. "तू हे असं... नेहमी बोलतेस?"

'तुम्ही' कुठल्या कपाबरोबर वाहून गेलं ते दोघांनाही कळलं नाही. "कप गळतोय तुझा," चिमटी म्हणाली आणि उगाच दुसऱ्या फडक्याला हात घातला.

तिसऱ्या रविवारी बाहेर पाऊस होता आणि लाँड्रीच्या छतातून एका टबात थेंब पडत होता. डॉक्टरीणबाई थांबल्या, ड्रायव्हरकाका थांबले. कार्बनही थांबला, आणि या वेळी घाबरला नाही. थेंब पडला. त्याने क्लॅरिनेटमधून नुसता श्वास सोडला. पुन्हा थेंब. आता एक अगदी बारीक सूर, असेल नसेल इतका. मग ते दोन भांडखोर सूर आले, पण आज ते भांडत नव्हते, जरा वेळ शेजारी बसले होते. त्याचे डोळे मिटलेले होते आणि भुवया एखाद्या लहान मुलासारख्या वर गेल्या होत्या. इस्त्रीच्या टेबलावर बसलेल्या चिमटीला आपण या माणसाच्या प्रेमात पडलोय हे इतकं स्पष्ट कळलं की ती घाबरून टेबलावरून उतरली.

त्या दिवशी कप ड्रायव्हरकाकांनी धुतले.

आता अडचण पुढेच होती. प्रेमात पडल्यावर खोकल्याच्या गोळ्यांची डबी चिमटीला खुपायला लागली. ती गादी बसवली की दहा मिनिटांत हुंदका परत. हुंदका परत आला की कार्बनची जागा शाबूत, बाबा खूश, आजी रुमाल काढायला मोकळ्या. आणि मग रोज संध्याकाळी पाच वाजता त्याला दुकानात यायचं काही कारण उरत नाही. ती रोज सकाळी ठरवायची की आज सांगायचं. पाच वाजता तो यायचा, खिडकीपाशी उभा राहायचा, "आज नक्की येईल बघ," म्हणायचा, आणि ती मूग गिळून बसायची.

हुंदका काही केल्या येत नव्हता. बाकी सगळं येत होतं. पण त्या एका जागी सूर फुस्स व्हायचा, नेमका, रोज.

"रोज त्याच जागी, तितकंच चुकतो," आत्या एकदा म्हणाली. "इतकं अचूक चुकणारा माणूस मी पाहिला नाही."

"शिकतोय तो, आत्या."

"बरं बाई. ताकाला यायचं आणि भांडं लपवायचं, चालू दे." चिमटीला वाटलं, आत्याला डबीचं कळलं. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय. ती कानापर्यंत लाल झाली आणि पुन्हा तो विषय निघू नये म्हणून तिने त्या दिवशी अख्खं दुकान झाडून काढलं.

पन्नाशीच्या आदल्या गुरुवारी बाबा स्वतः आले. हातात ट्रम्पेट होता, पण त्याला काही झालेलं नव्हतं.

"तुम्हीच का त्या?" त्यांनी चिमटीकडे पाहिलं. "काम चोख आहे तुमचं. चोख आहे तिथेच घोळ आहे."

चिमटीने त्यांना स्टूल दिलं. ते बसले नाहीत.

"रविवारी तो कुठे जातो ते मला माहीत आहे. जाऊ दे. तरुण आहे, नवं काहीतरी हवं असणार. मीही कधीकाळी..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. "पण परवा हॉलमध्ये जी माणसं येतील त्यांनी माझ्या वडिलांना ऐकलंय. त्यांतल्या काहींचं हे शेवटचं येणं असेल. त्यांना हुंदका ऐकवायचाय मला. पोरगा रात्री जेवत नाही धड. हुंदका आला नाही तर मी सोलो घेईन, पण पोराच्या हातून तो काढून घेताना मला काय वाटेल, ते मलाच ठाऊक."

ते गेल्यावर चिमटीने हातातलं काम बाजूला ठेवलं. आपल्याला एक माणूस रोज अर्धा तास दिसावा म्हणून आपण त्याची उभ्या आयुष्यातली जागा पणाला लावलीय, हे तिने स्वतःला जसंच्या तसं सांगितलं. ऐकायला ते फारच वाईट वाटलं.

शुक्रवारी पाच वाजता तो आला. ती बाकावरून उठली आणि डबी त्याच्यासमोर उघडून धरली.

"फेकली नव्हती," ती म्हणाली. "पहिल्या दिवशी राग आला म्हणून खोटं बोलले. नंतर... नंतर राग नव्हता. गादी दिली असती तर तू आला नसतास. म्हणून नाही दिली. दहा मिनिटांत बसवते. दे इकडे."

कार्बनने डबीत पाहिलं. मग तिच्याकडे. त्याचं तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. 

"दे ना," चिमटीने हात पुढे केला.

"नको," तो म्हणाला. "राहू दे." आणि क्लॅरिनेटची पेटी बंद करून, एकदाही मागे वळून न पाहता, बाहेर पडला.

आत्याने पितळेवरचं फडकं बाजूला ठेवलं. "सांगितलंस ते बरं केलंस."

"गेला तो, आत्या."

"गेलाय. पण गादी न घेता गेलाय. का, ते उद्या बघू."

"मी नाही येणार उद्या."

"मी म्हातारी एकटी जाऊ?" आत्याने विचारलं. आत्या आदल्याच महिन्यात शेजारच्यांचं कपाट एकटीने जिन्यावरून उतरवून आली होती, पण चिमटीला वाद घालायचं त्राण नव्हतं.

हॉल भरला होता. उंच खिडक्यांतून दुपारचं ऊन लाकडी जमिनीवर पडलं होतं आणि त्यावर पांढऱ्या केसांची जोडपी सावकाश गिरक्या घेत होती. चिमटी शेवटच्या रांगेत, आत्याच्या आड बसली. कार्बनने तिच्याकडे पाहिलं नाही. त्याचा शर्ट नीट इस्त्री केलेला होता आणि तो स्वतः पांढराफटक पडला होता.

ते संथ गाणं सुरू झालं. बाबांनी ट्रम्पेट खाली घेतला आणि मुलाकडे बघून मान हलवली. अजून सोलो त्याचाच होता. कार्बनने वाजवायला घेतलं, आजोबांचा पहिला सूर, दुसरा, आजोबांचा श्वास. चिमटीने ओढणीचं टोक मुठीत घट्ट आवळलं. ती जागा आली.

सूर फाटला. रडू गिळताना फाटतो तसाच. हॉलभर एक लांब सुस्कारा पसरला, नाचणारी जोडपी थबकली, आणि पुढच्या रांगेत कुणीतरी पर्स उघडली.

सगळ्या हॉलमध्ये फक्त एका बाईला माहीत होतं की त्या क्लॅरिनेटमधून वाऱ्याचा कणही गळत नाहीये. ती गादी तिनेच बसवली होती. म्हणजे तो हुंदका ओठांतून आला होता. आणि तो आदल्या रात्री नवशिकेपणाने सापडलेला नव्हता. तो मुरलेला होता, सहज होता, तो पुष्कळ दिवस येत असला पाहिजे. चिमटीने आत्याकडे पाहिलं. आत्या खिडकीबाहेर बघत होती आणि गालातल्या गालात हसत होती.

आठवं आवर्तन संपलं. इथे ट्रम्पेट यायचा. पण कार्बनने क्लॅरिनेट खाली घेतलंच नाही. त्याने श्वास घेतला, आजोबा घेत तिथे नाही, भलत्याच ठिकाणी, आणि आत नुसता वारा सोडला. मग कळांची टकटक. मग दोन सूर एकदम. बँजोवाला गडबडून थांबला, ड्रमवाला बाबांकडे बघू लागला. बाबांचा ट्रम्पेट ओठांपाशी पोहोचून तिथेच अडला होता. ते मुलाच्या पाठीकडे बघत राहिले. मग त्यांनी डावा हात हलकेच वर केला आणि बाकीच्यांना थांबवलं.

हॉलमध्ये पूर्ण शांतता झाली, आणि कार्बन त्या शांततेत थांबला. कुणीतरी खोकलं, कपबशी किणकिणली, आणि त्याने त्या किणकिणीला उत्तर दिलं. एक आजोबा मोठ्याने हसले. तो त्यांनाही उत्तर देऊन मोकळा झाला. खेळकर, वेडंवाकडं, मध्येच हळवं असं काहीतरी तो वाजवत सुटला, आणि शेवटी हळूच मूळ गाण्याच्या दारात आणून उभं केलं. बाबांनी ट्रम्पेट लावला. आयुष्यात पहिल्यांदा ते अर्धी मात्रा उशिरा आले.

टाळ्या झाल्या, पण सगळ्यांनी काही वाजवल्या नाहीत. दोन जोडपी नाराज होऊन चहाकडे वळली. एका गृहस्थांनी बाबांना गाठून विचारलं, "साहेब, ते मधलं काय होतं?"

"मला कल्पना नाही," बाबा म्हणाले. "माझ्या मुलाचं आहे. त्याला विचारा." आणि मग मुलाच्या जवळून जाताना खालच्या आवाजात, "आठची चोवीस आवर्तनं केलीस. पुढच्या वेळी आधी सांग."

"आधी सांगितलं तर ते तसं होणार नाही, बाबा."

बाबांनी विचार केला. "मग महिन्यातून एकदा. दर शनिवारी माझ्या छातीला झेपायचं नाही."

मध्यंतरात चिमटी हॉलमागच्या पॅसेजमध्ये उभी होती. रिकाम्या खुर्च्या एकावर एक रचलेल्या होत्या आणि एका उघड्या खिडकीतून पावसानंतरच्या ओल्या पानांचा वास येत होता. तो आला आणि दोन पावलांवर थांबला.

"कधीपासून जमतोय हुंदका?" तिने विचारलं.

"पाच आठवडे झाले. तिसऱ्या रविवारी घरी गेलो आणि... आला."

"आणि रोज माझ्यासमोर ते फुस्स?"

"ते जमायला जास्त मेहनत पडली. बरोबर येणारा सूर रोज तितकाच चुकवायचा, म्हणजे काय थट्टा आहे?"

"बाबा म्हणाले तू धड जेवत नाहीस."

"हुंदक्यासाठी नव्हतं ते. शनिवारनंतर दुकानात कशाला जायचं, याचं एकही बरं कारण सापडत नव्हतं."

चिमटीला हसायचं होतं, पण डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याचा तिला राग आला. "मग काल का गेलास तसा? नुसतं 'नको' म्हणून? मी रात्रभर..."

"घाबरलो." त्याने केसांतून हात फिरवला. "तू सरळ उभी राहून खरं बोललीस. तेच माझंही होतं, अक्षरन् अक्षर. आणि मला बोलता येईना. आठ दिवस एक भाषण पाठ करत होतो मी. आरशासमोर. छान होतं, त्यात तुझ्या केसातल्या चिमट्यावरसुद्धा एक वाक्य होतं. तू डबी उघडलीस आणि ते सगळं गेलं."

"आत्ता आठवतंय?"

"एक शब्द नाही."

"मग?"

तो गप्प झाला. चिमटीने घाई केली नाही. आतून कपांचा आवाज येत होता, कुणीतरी बास जुळवत होतं. तो एक पाऊल पुढे आला.

"मला... थांब. मला तू... सकाळी उठल्यावर मी पाच वाजायची वाट बघतो. दिवसाचे पाच, पहाटेचे नाही. म्हणजे पहाटेचेही पाच वाजलेले बघितलेत मी, तुझ्यामुळेच, पण... हे फार वाईट चाललंय."

"चालू दे."

"मी पंधरा वर्षं दुसऱ्याचं वाजवलं. चांगलं वाजवलं. पण मी वाजवताना पुढे काय येणार हे कुणालाच माहीत नसताना, मलाही माहीत नसताना, एक माणूस हातातलं काम थांबवून ऐकतोय, हे मला कधी... तू ऐकतेस ना, तेव्हा मला मी मीच असल्यासारखा वाटतो. माझं तुझ्यावर प्रेम आहे. हे शेवटचं पहिल्यांदा बोलायला हवं होतं बहुतेक."

"माझंही आहे," चिमटी म्हणाली. तिचा आवाज त्या जागी फाटला, आणि तिने तो दुरुस्त करायचा प्रयत्न केला नाही. "खूप. त्या पावसाच्या रविवारपासून. त्याच्याही आधीपासून असेल, पण मला तेव्हा कळलं."

त्याने तिचा हात हातात घेतला. तिच्या बोटांना तेलाचा वास होता. कुणी पुढे झुकलं ते सांगणं कठीण आहे, दोघंही म्हणतात की दुसरं. केसातला चिमटा निसटून खाली पडला आणि रचलेल्या खुर्च्यांखाली कुठेतरी गेला. तो शोधायची घाई दोघांपैकी कुणालाच नव्हती.

"अरे कार्बन," आतून बाबांची हाक आली. "दुसरा भाग सुरू करतोय आम्ही."

"आलोच, पाच मिनिटं," तो तिथूनच ओरडला.

या बँडने पन्नास वर्षांत कुणासाठी पाच मिनिटं काढली नव्हती. त्या दुपारी त्यांना पंधरा मिनिटं थांबावं लागलं, आणि तेवढ्या वेळात आत्याने पुढच्या रांगेतल्या सगळ्यांना कारणही सांगून टाकलं.